कणखर नायिका लिहायची तर आधी तिचं वाटोळं करावंच लागतं का?

गारवेल

बरेच दिवस डोक्यात घोळणारा प्रश्न इथे मांडतेय, कारण इथे सिनेमा मनापासून बघणारी माणसं आहेत.

मी एक पटकथा लिहितेय. नायिका बुडालेली जहाजं वर काढणाऱ्या पथकाची प्रमुख आहे. कामात वस्ताद, हट्टी, धोका पत्करणारी. पहिला खर्डा एका निर्मात्याला वाचायला दिला. त्यांचा पहिलाच प्रश्न: "पण ही अशी का आहे? हिच्या बाबतीत काय घडलंय?" मग त्यांनीच पर्याय सुचवले. नवरा समुद्रात गेलेला दाखवा, किंवा लहानपणी घरातल्याच कुणीतरी तिच्यावर हात टाकलेला दाखवा. त्याच पटकथेत तिचा एक सहकारी आहे, तिच्याइतकाच बेडर. तो असा का आहे हे कुणी विचारलं नाही. त्याला धाडसाची आवड आहे एवढं कारण पुरलं.

तेव्हापासून मी प्रत्येक सिनेमा याच नजरेने बघतेय. 'इन्साफ का तराजू' (१९८०), 'जख्मी औरत' (१९८८): नायिकेच्या हातात शस्त्र येण्याआधी तिच्यावर बलात्कार व्हावाच लागतो. 'कहानी'त (२०१२) हरवलेला नवरा. 'ग्रॅव्हिटी' (२०१३) तर अंतराळात घडतो. ऑक्सिजन संपत आलाय, यान फुटलंय, एकटी बाई जगायचा प्रयत्न करतेय. जगायची इच्छा पुरेशी नव्हती का? तिथेही मुलगी गेल्याचं दुःख सोबत दिलंच.

आणि १९७९चा 'एलियन' बघा. नायिका रिप्लीचा भूतकाळ आपल्याला काही म्हणजे काही माहीत नाही. ती नोकरीवर आहे आणि नोकरी नीट करते. एवढ्यावर ती आज इतक्या वर्षांनीही लोकांच्या लक्षात आहे.

तर कणखर नायिका चांगली लिहिली आहे हे तुम्ही कशावरून ठरवता? आणि जखम आवश्यक आहे का?

रानवारा

अगदी माझ्या मनातलं. मारधाडपटांची नायिका नादिया १९३५ साली 'हंटरवाली'त चाबूक घेऊन आली, नंतर धावत्या आगगाडीच्या टपावर मारामाऱ्या केल्या, आणि प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं. प्रेक्षक तयार असतो, घाबरतात ते पैसे घालणारे.

अर्धविराम

थोडा विरोधी सूर लावतो. जखम ही नायिकांचीच मक्तेदारी नाही. मॅड मॅक्सचं कुटुंब मारलं गेलंय. बॅटमनचे आईवडील डोळ्यांदेखत गेले. आपल्याकडच्या सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या नायकांचे बाप पहिल्या दहा मिनिटांत मरायचे, आणि मुलगा मोठा होऊन सूड घ्यायचा. कथेला इंधन लागतं आणि दुःख हे सगळ्यात स्वस्त, सगळ्यात झटपट पेटणारं इंधन आहे. त्यामुळे निर्मात्यांचा प्रश्न मला तितका पक्षपाती वाटत नाही. आळशी मात्र वाटतो.

निळीशाई

@अर्धविराम, तुमच्या यादीतच उत्तर आहे. त्या सगळ्या नायकांचं नुकसान दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर घडतं. बायको मरते, बाप मरतो, बहिणीची अब्रू जाते. नायकाचं शरीर अबाधित राहतं, उलट तालमीत आणखी कमावलं जातं. नायिकेचं नुकसान तिच्या स्वतःच्या शरीरावर घडवतात आणि कॅमेरा तिथे रेंगाळतो. त्या सूडपटांत अत्याचाराचा प्रसंग किती वेळ चालतो आणि न्यायाचा किती, ते एकदा घड्याळ लावून बघा. प्रेक्षक नेमका कशासाठी आत आलाय असं त्या सिनेमाला वाटतं, ते कळेल.

सरसकट जखमेला माझा विरोध नाही. पण नायिकेला त्या जखमेपलीकडे काही आवडतं का, कशाचा कंटाळा येतो का, कुणाशी पटत नाही का, हे लिहिलेलं नसेल तर ती व्यक्ती नाही, तक्रारअर्ज आहे.

तांबूस

"तक्रारअर्ज" :D हे मी वापरणार.

बोरूबहाद्दर

सोपा उपाय आहे की. पात्र पुरुष समजून लिहा आणि शेवटी नाव बदला. 'एलियन'च्या मूळ पटकथेत चक्क तशी टीप होती, की अंतराळयानावरच्या कुठल्याही पात्राची भूमिका बाई किंवा पुरुष कुणीही करू शकेल. म्हणून रिप्लीवर "बाई" असण्याचं ओझं नाही.

तो प्रसंग आठवा. केन नावाच्या सहकाऱ्याच्या तोंडाला परग्रहावरचा प्राणी चिकटलाय, कप्तान त्याला घेऊन दारात उभा, आत घे म्हणतोय. कप्तान बाहेर असताना जबाबदारी रिप्लीवर आहे. ती नकार देते. विलगीकरणाचा नियम आहे, चोवीस तास. आवाज चढवत नाही, भाषण देत नाही. शेवटी दार दुसराच माणूस उघडतो आणि पुढचं सगळं रामायण घडतं. म्हणजे अख्ख्या सिनेमात बरोबर निर्णय घेणारी ती एकटी होती, आणि तो निर्णय माणुसकीशून्य वाटावा असा होता. हे लेखन आहे.

केतकी_प

प्रसंगाबद्दल शंभर टक्के सहमत, उपायाबद्दल शून्य टक्के. :)

"पुरुष समजून लिहा" हे एका सिनेमात जमून गेलं, कारण त्या यानावर सगळेच आधी कामगार होते. पण 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' (१९९१) तसा लिहून बघा. क्लॅरिस स्टार्लिंग या एफबीआय प्रशिक्षणार्थी नायिकेला पुरुष केलं तर सिनेमाच उरत नाही. सुरुवातीलाच ती लिफ्टमध्ये शिरते. सभोवती लाल शर्टातले प्रशिक्षणार्थी, सगळे तिच्याहून हातभर उंच. कुणी काही बोलत नाही, कुणी त्रास देत नाही. तिचं रोजचं जग कसं आहे ते आपल्याला एवढ्यात कळतं.

पुढे एका गावात प्रेत तपासायला जातात. तिचा वरिष्ठ क्रॉफर्ड स्थानिक शेरीफला बाजूला घेतो, का तर असल्या गुन्ह्याबद्दल बाईमाणसासमोर बोलायला नको. ती खोलीभर पोलिसांच्या नजरा झेलत उभी राहते. मग त्या सगळ्यांना अदबीने, पण ठामपणे बाहेर जायला सांगते. नंतर गाडीत क्रॉफर्ड म्हणतो की तो शेरीफला कटवण्याचा बहाणा होता. ती वरिष्ठाला शांतपणे सांगते की पोलीस तुमच्याकडे बघून कसं वागायचं ते ठरवतात, त्यामुळे फरक पडतो. एवढंच. तिला बढती मिळालेली नाही, ती अजून शिकाऊ आहे, आणि तरी हे बोलायचं धाडस करते. शेवटच्या अंधाऱ्या तळघरातल्या गोळीबारापेक्षा मला हे धाडस मोठं वाटतं.

कॅमेऱ्याची गंमतही बघा. तिच्याशी बोलणारे पुरुष बऱ्याचदा थेट लेन्समध्ये बघतात, ती मात्र लेन्सच्या जरा बाजूला. त्यामुळे त्या नजरा आपल्या अंगावर येतात. बाई असणं पुसून टाकलं असतं तर हे सगळं हातचं गेलं असतं.

बोरूबहाद्दर

@केतकी, गाडीतला प्रसंग भारी आठवण करून दिलीत. तरी माझा मुद्दा सुरुवातीच्या खर्ड्यापुरता होता. लेखकाच्या हाताला लागलेल्या सवयी मोडायला ती युक्ती कामाची आहे. "ती ओशाळून हसते", "तिचे डोळे पाणावतात" अशा ओळी आपोआप गळतात.

सदाफुली

इतका वेळ सगळे परदेशात फिरताहेत म्हणून 'उंबरठा' (१९८२) पुढे ठेवते. जब्बार पटेल दिग्दर्शक, पटकथा तेंडुलकरांची, सुलभा महाजन झाल्यात स्मिता पाटील.

गारवेल, तुझ्या प्रश्नाचं उत्तर आपल्याच भाषेत केव्हाच लिहिलं गेलंय. सुलभावर कुठलाही अत्याचार झालेला नाही. घर सुखवस्तू आहे, नवरा वकील आहे, मारझोड नाही, सासरी छळ नाही. तिला फक्त काम करायचंय. समाजकार्याचं शिक्षण घेतलंय आणि ते वापरायचंय. त्यासाठी ती लहान मुलीला घरी ठेवून दूरच्या महिलाश्रमाची अधीक्षिका होते. आणि सिनेमा तिला माफीही मागायला लावत नाही, देवीही करत नाही. आश्रमातही तिला सगळं जमत नाही. व्यवस्थेशी खटके उडतात, तिच्या देखरेखीखाली भयंकर गोष्टी घडतात, शेवटी राजीनामा द्यावा लागतो. घरी परत येते तर नवऱ्याने दुसरीकडे संबंध ठेवलेले. आणि ती पुन्हा निघते.

या सिनेमाचा जोर सगळा तिच्या इच्छेत आहे. निर्मात्याच्या त्या प्रश्नाला, "हिच्या बाबतीत काय घडलंय?" याला, सुलभाचं उत्तर काय असेल? काहीच घडलेलं नाही, तेच तर तिला सोसवत नव्हतं.

झाकोळ

उंबरठा मला कधीच पूर्ण पचला नाही आणि हे मी एक आई म्हणून लिहितेय. मुलगी तिला परकी समजू लागते ते बघताना पोटात तुटतं. सुलभाला मी कणखर म्हणेन, पण माझ्या मनात तिच्याबद्दल रागही आहे.

सदाफुली

@झाकोळ, राग असूच दे की! बापाने नोकरीसाठी घर सोडलं असतं तर तो प्रसंग पडद्यावर आलाही नसता. सिनेमाने ती किंमत लपवली नाही म्हणून तर तुझ्या पोटात तुटलं. चांगल्या लेखनाची माझी खूण हीच: नायिका असं काहीतरी करते जे मी केलं नसतं, आणि तरी तिने ते का केलं हे मला कळतं.

झाकोळ

कळतं. पटत नाही. आणि दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

तांबूस

अवांतर: नायिकेचे केस या विषयावर स्वतंत्र धागा निघायला हवा. स्फोट, चिखल, पूर, तीन दिवस जंगलात, आणि केस नुकतेच धुतल्यासारखे भुरभुर उडताहेत. 'ज्युरासिक वर्ल्ड'मध्ये (२०१५) तर बाई उंच टाचांचे बूट घालून टी-रेक्सच्या पुढे पळते.

रानवारा

टी-रेक्सही बूट बघून थक्क झाला असेल, म्हणून वाचली. :)

कातरकाम

अवांतरात तथ्य आहे. मी संकलनाचं काम करतो, त्यामुळे "कणखर" हे संवादातून येतं की कृतीतून यावर रोज डोकं लावावं लागतं. नायिका बेडर आहे हे दुसरं पात्र तोंडाने सांगतं तेव्हा मला तो भाग कापावासा वाटतो. प्रेक्षकाला कौशल्य बघायचं असतं.

'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' (२०१५) मधला रात्रीचा प्रसंग. दलदलीत ट्रक रुतलाय, शत्रू प्रकाशझोत टाकत येतोय. मॅक्सकडे बंदूक, गोळ्या मोजक्या. तो नेम धरतो आणि चुकतो. पुन्हा चुकतो. शेवटची गोळी उरते. नायिका फ्युरिओसा मागे येऊन बसते. तो एक शब्द न बोलता बंदूक तिच्याकडे देतो आणि ती त्याच्या खांद्यावर नळी टेकवून नेम धरते. श्वास घेऊ नकोस, एवढंच सांगते. दिवा फुटतो. तिचं कौतुक करणारा एकही संवाद नाही. तिच्यासाठी त्याला मूर्खही ठरवलेलं नाही. हल्ली हा दोष फार दिसतो: नायिका हुशार दिसावी म्हणून भोवतालचे सगळे बावळट लिहायचे. त्यात तिचीच उंची कमी होते.

दुसरा प्रसंग 'टर्मिनेटर २' (१९९१) मधला. सगळ्यांना नायिका सारा कॉनरचे दंड आठवतात, उलट्या केलेल्या खाटेला लटकून घेतलेले जोर आठवतात. मला गाडीतला क्षण आठवतो. मनोरुग्णालयातून सुटका झालीय. ती मुलाला जवळ ओढते, त्याला वाटतं आई मिठी मारतेय. ती त्याला कुठे लागलंय का ते चाचपत असते. मग त्यालाच झापते, मला सोडवायला आलासच का म्हणून. पोराचा चेहरा उतरतो. या बाईने मुलाला वाचवण्यासाठी स्वतःतली आई जवळपास संपवलीय, हे दोन-चार सेकंदांत समजतं. पुढे ती एका शास्त्रज्ञाला मारायला त्याच्या घरी जाते आणि बायकामुलांसमोर तिचा चाप ओढला जात नाही. तिथे ती स्वतःच सिनेमातल्या मारेकरी यंत्रमानवासारखी होता होता थांबते. ताकद दाखवून झाल्यावर ताकदीचं काय झालं, हे लिहिणारे लेखक फार थोडे.

अर्धविराम

कातरकाम, सुरेख प्रतिसाद. यावरून माझी कसोटी सांगतो: शेवटची गाठ कोण सोडवतं?

'कुंकू' (१९३७) घ्या. शांता आपटेंची नीरा म्हाताऱ्या विधुराशी लावलेलं लग्न मानायला नकार देते. त्या काळात! अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला बदडून काढते. शब्दांत धार, नजरेत धार. पण शेवटी तिची सुटका कशाने होते? त्या म्हाताऱ्या नवऱ्याचं, काकासाहेबांचं, मतपरिवर्तन होतं आणि ते जीव देऊन तिला मोकळं करतात. गाठ त्यांनी सोडवली. त्याविरुद्ध 'मदर इंडिया'ची (१९५७) राधा. पोटच्या पोरावर बंदूक ती स्वतः चालवते. मूल्यं जुनी असतील, पण निर्णय तिचा आणि परिणामही तिचाच.

निळीशाई

कसोटी चांगली आहे पण 'कुंकू'वर अन्याय होतोय. काकासाहेब आपोआप बदलले नाहीत. नीराने अख्खा सिनेमाभर जे ठाम नाही म्हटलं त्यानेच ते मोडत गेले. बदल घडवणं हीसुद्धा कृतीच आहे. सगळ्या कणखर बायकांनी शेवटी बंदूकच उचलायची का?

शिवाय 'मिर्च मसाला' (१९८७) तुमच्या कसोटीत कुठे बसवाल? सोनबाई सुभेदाराच्या थोबाडीत मारून मिरचीच्या कारखान्यात लपते, म्हातारा चौकीदार दार लावून घेतो आणि ते दार अडवताना मरतो. शेवटी तिखट फेकतात त्या आतल्या बाकीच्या बायका, ज्यातल्या काहीजणी थोडा वेळ आधी तिला बाहेर जा म्हणत होत्या. गाठ एकटीने सोडवलेली नाही. मला तो शेवट जास्त खरा वाटतो.

अर्धविराम

'मिर्च मसाला'साठी कसोटीत फट ठेवतो. 'कुंकू'बाबत मी माझ्या जागी.

पाणपोई

वाचनमात्र होते, आर्चीचं नाव अजून कुणी घेतलं नाही म्हणून लॉगिन केलं.

'सैराट' (२०१६) मध्ये पहिल्या भागात आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, वर्गात पोरांना गप्प करते. थिएटरात शिट्ट्या याच भागाला. पण माझ्या मते तिचं खरं लेखन दुसऱ्या भागात आहे. पहिल्या भागातला रुबाब तिच्या बापाच्या सत्तेतून आलाय. हैदराबादला ती सत्ता संपते. झोपडी, घाण, अनोळखी भाषा. तिला किळस येते, ती रडते, घरची आठवण काढते. मग काम शिकते, भाषा शिकते, कमावते. मारतो म्हटल्यावर नवऱ्याला सोडून निघते, आणि परत यायचं हेही स्वतः ठरवते. आईला फोनही तीच करते.

ट्रॅक्टर हा रुबाब होता. कणखरपणा तिला नंतर, रडत रडत कमवावा लागला. आणि अत्याचाराने तिची सुरुवात होत नाही, शेवट होतो. गारवेल, हा उलटा क्रम तुमच्या प्रश्नाशी जुळतो असं वाटलं.

केतकी_प

पाणपोई, रोज लॉगिन करत जा!

तांबूस

शेवट फोडला की हो, एखाद्याने बघितला नसेल तर?

पाणपोई

दहा वर्षं होत आली, आता सवलत नाही. :)

बोरूबहाद्दर

बेक्डेल चाचणीबद्दल कुणीच बोललं नाही? दोन बायका, एकमेकींशी बोलल्या पाहिजेत, पुरुषाव्यतिरिक्त विषयावर.

केतकी_प

ती अॅलिसन बेक्डेल यांच्या १९८५च्या एका चित्रपट्टिकेतून आली. एकेका सिनेमाचं प्रमाणपत्र म्हणून लोक ती वापरतात तिथे घोळ होतो. 'ग्रॅव्हिटी'त बाई एकटीच आहे, ती बोलणार कुणाशी? पण एका वर्षातले सगळे सिनेमे एकत्र चाळले की चाचणी डोळे उघडते. नायिकेला मैत्रीण, वैरीण, बॉस, शेजारीण कुणीच नसते. शंभर पुरुषांत एक वाघीण सोडली की तिच्यावर सगळ्या बायकांचं प्रतिनिधित्व येऊन पडतं. मग तिला चुकायची मुभा राहत नाही, आणि चुकत नाही ते पात्र कंटाळवाणं होतं.

गारवेल

सगळ्यांचे प्रतिसाद वाचून काढले, काही पुन्हा वाचले. मनापासून आभार.

एक भर घालते. 'एलियन'चा दुसरा भाग १९८६ साली आला. त्यात रिप्लीला एक मुलगी होती आणि रिप्ली अंतराळात गोठून पडली असताना ती म्हातारी होऊन वारली, असा प्रसंग चित्रित झाला होता. प्रदर्शित सिनेमातून तो कापला, नंतरच्या वाढीव आवृत्तीत परत आला. मी दोन्ही आवृत्त्या बघितल्यात. कापलेल्या आवृत्तीत रिप्ली न्यूट नावाच्या पोरीला वाचवते कारण एक लहान मूल एकटं आहे. वाढीव आवृत्तीत ती गमावलेल्या मुलीच्या जागी दुसरी शोधते. मला पहिली रिप्ली मोठी वाटते. दुसऱ्याच्या मुलासाठी जीव धोक्यात घालायला स्वतःचं मूल मरावं लागत नाही.

निर्मात्यांना उत्तर कळवलंय: नवरा बुडणार नाही, लहानपणीचा अत्याचारही नाही. पण केतकी आणि पाणपोईमुळे एक गोष्ट लक्षात घेतली. माझी नायिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बरोबरच होती. आता मध्यंतराच्या आधी ती एक चुकीचा निर्णय घेते. हवामानाचा अंदाज धुडकावून पाणबुड्याला खाली उतरवते, कारण तिला ते जहाज हवंय. फक्त हवंय. आणि झाकोळ, त्या पाणबुड्याची आई हे एक नवं पात्र आलंय, ते तुमच्यामुळे.

झाकोळ

त्या आईला नायिकेला माफ करायला लावू नका एवढीच विनंती.

कातरकाम

आणि तो पाणबुड्या खाली उतरताना नायिका काय करतेय ते दाखव, काय म्हणतेय ते नको. दोर सोडणारे हात पुरेत.

अर्धविराम

निर्माते काय म्हणाले?

गारवेल

"मग प्रेक्षकाला तिच्याबद्दल सहानुभूती कशी वाटेल?" असं विचारलंय. उद्या भेट आहे. 'उंबरठा' आधी बघून या असं सांगितलंय त्यांना.